गावाकडील विद्यार्थी, नगरातील महाविद्यालय आणि ‘मी’चे क्रियापद

१

बारावीचा निकाल लागला की नांदेड आणि लातूर येथील घराघरांत ‘पुढे कोठे?’ हा प्रश्न विचारला जातो. त्याचे उत्तर बहुधा गुण, शुल्क, वसतिगृह आणि ओळखीचे नातलग यांच्या बेरजेतून निघते. परीक्षांच्या तयारीची जी रीत ‘लातूर पॅटर्न’ या नावाने महाराष्ट्रभर ओळखली जाते, तिने तर गुणांचा हिशेब इतका नेमका करून ठेवला आहे की, विद्यार्थ्याने स्वतः काही निवडावयाचे शिल्लक आहे याचाच विसर पडावा. तथापि थोड्या विद्यार्थ्यांच्या मनात या प्रश्नाच्या पोटात दुसराही एक प्रश्न असतो, आणि तो घरी विचारता येत नाही. आपली ओढ आपल्याच लिंगाच्या व्यक्तीकडे आहे, अथवा जन्मतः लाभलेले पुरुषत्व किंवा स्त्रीत्व आपले नव्हे, हे ज्याला वा जिला सोळाव्या-सतराव्या वर्षी उमगलेले असते, त्या विद्यार्थ्याला आपणांस सुखाने राहू देईल असे महाविद्यालय हवे असते. प्रवेशपुस्तिकेत असा रकाना नसतो.

मध्यंतरी अशाच एका विद्यार्थ्याने आम्हांस विचारले की, पुण्यात अशा विद्यार्थ्यांचे गट असतात असे ऐकले आहे. तेथे जावयाचे तर आधी इंग्रजी सुधारावी लागेल काय? त्या वेळी आम्ही काहीतरी धीराचे बोलून त्याची बोळवण केली. परंतु भाषेच्या अभ्यासकास तो प्रश्न सहजासहजी सोडून देता येण्याजोगा नव्हता. स्वतःविषयीची सर्वांत खाजगी गोष्ट सांगावयास मातृभाषा पुरणार नाही, अशी या मुलाची खात्री झाली होती. ती खात्री कशाने झाली, तीत तथ्य किती आणि आपल्या वाङ्मयाने ती दूर करण्यास काय केले, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. महाविद्यालयाचा स्नेहभाव कोणत्या भाषेत बोलतो यावरून त्याची पारख व्हावी, हे या लेखाचे प्रमेय आहे.

२

शिक्षणासाठी गाव सोडणे आणि त्यासाठी भाषा बदलणे ही मराठवाड्यास नवी गोष्ट नव्हे. १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात असलेल्या या प्रदेशातील विद्यार्थ्यांचे उच्च शिक्षणाचे ठिकाण हैदराबाद हे होते. तेथील उस्मानिया विद्यापीठ १९१८ मध्ये स्थापन झाले आणि त्याचे माध्यम उर्दू होते. घरी मराठी, वर्गात उर्दू अशा दुहेरी संसारात एक संपूर्ण पिढी शिकली. १९३८ मध्ये ‘वंदे मातरम्’ म्हणण्याच्या आग्रहावरून याच विद्यापीठातून अनेक विद्यार्थ्यांना बाहेर पडावे लागले, आणि त्यांपैकी कित्येकांना नागपूर विद्यापीठाने आश्रय दिला. एका विद्यापीठाने दार लावावे आणि दूरच्या दुसऱ्याने ते उघडावे, हा प्रसंग मराठवाड्याच्या स्मरणात अभिमानाने जपला गेला आहे. जेथे आपणांस मान खाली घालावी लागणार नाही असे विद्यापीठ शोधणे हे आमच्याकडे पळपुटेपणाचे लक्षण मानले गेलेले नाही, हे येथे ध्यानी घेतले पाहिजे.

पुढे १९५० मध्ये नांदेडला पीपल्स कॉलेज निघाले, १९५८ मध्ये औरंगाबादेस मराठवाडा विद्यापीठ आणि १९९४ मध्ये नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. पदवीसाठी प्रदेश सोडण्याची सक्ती उरली नाही. परंतु विद्यापीठ दारी आले म्हणजे सर्वांना आपले वाटू लागले असेही नव्हे. औरंगाबादच्या विद्यापीठास डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने १९७८ मध्ये केला; नामविस्तार प्रत्यक्षात आला तो १४ जानेवारी १९९४ रोजी. मधल्या काळात नांदेड जिल्ह्यातील दलित वस्त्यांनी जे सोसले ते सर्वश्रुत आहे. संस्थेच्या पाटीवरील एका नावाने कोणास ती आपली वाटते आणि कोणास परकी, हे ज्या प्रदेशाने इतकी किंमत देऊन जाणले, त्या प्रदेशात ‘शब्दांनी काय होते?’ असा प्रश्न कोणी विचारू नये.

विविधता ही केवळ महानगराची मिरास आहे, हा समजही तपासून घ्यावयास हवा. नांदेड शहरात मराठी, दखनी उर्दू, तेलुगू आणि पंजाबी या भाषा एका बाजारात ऐकू येतात; हुजूर साहिब गुरुद्वाऱ्याकडून निघालेला माणूस किनवटपर्यंत गेला तर बंजारा, गोंडी आणि कोलामी यांचीही त्यात भर पडते. लातूर जिल्ह्याच्या उदगीर-निलंगा भागात कन्नड सीमेपलीकडून घरात येते. अशा बहुभाषी भूमीत वाढलेल्या विद्यार्थ्यास भिन्नतेची सवय नसते असे म्हणता येणार नाही. येथे उणीव आहे ती एका विशिष्ट भिन्नतेविषयी बोलण्यासाठी लागणाऱ्या वाणीची. ही वाणी घडविण्याचे काम वाङ्मयाकडे येते. म्हणून प्रथम वाङ्मयाकडे वळू.

३

महाविद्यालय आणि वसतिगृह यांभोवती फिरणाऱ्या तीन मराठी कृती आम्ही येथे विचारासाठी घेतल्या आहेत: भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ (१९६३), विजय तेंडुलकर यांचे ‘मित्राची गोष्ट’ (१९८१) आणि सचिन कुंडलकर यांची ‘कोबाल्ट ब्ल्यू’ (२००६). तिन्हींचे गुणदोष सर्वांगांनी सांगणे हा येथे उद्देश नाही. प्रत्येक कृतीत ‘मी’ म्हणण्याचा अधिकार कोणास मिळाला आहे, एवढेच पाहावयाचे आहे.

‘कोसला’तील ‘मी’ हा खानदेशातील सांगवीहून पुण्यास शिकावयास आलेला पांडुरंग सांगवीकर आहे. वसतिगृह, खानावळ, निवडणुका, स्नेहसंमेलन या सर्वांतून तो जातो आणि अखेरीस पदवी न घेता गावी परततो. शहर म्हणजे मुक्ती हे समीकरण मराठी कादंबरीत इतक्या निर्दयपणे क्वचितच मोडले गेले असेल. गावाकडील मुलाच्या बोलण्याची लय येथे प्रमाण गद्यात शिरली आणि तिने ते गद्यच बदलून टाकले, हे या कादंबरीचे मोठे ऋण होय. परंतु पांडुरंगाला परके वाटते ते सर्व जगाच्या निरर्थकतेमुळे. प्रस्तुत विद्यार्थ्याचे परकेपण त्याच्या चिंतनात येत नाही, आणि यावे अशी अपेक्षाही नाही.

‘मित्राची गोष्ट’मध्ये ते परकेपण केंद्रस्थानी आहे. महाविद्यालयीन तरुणी सुमित्रा, म्हणजेच मित्रा, दुसऱ्या एका तरुणीवर प्रेम करते आणि त्यातच तिचा अंत होतो. व्याकरणाच्या दृष्टीने या नाटकाचे शीर्षक लक्षणीय आहे. ‘मित्राची’ हे ‘मित्र’ या पुल्लिंगी नामाचे षष्ठीचे रूप आहे. आणि जुन्या वळणाने ‘मित्रेची’ न म्हणता आजच्या बोलण्याप्रमाणे ‘मित्राची’ म्हटले, तर तेच ‘मित्रा’ या स्त्रीनामाचेही रूप ठरते. एकाच शब्दात स्नेही पुरुष आणि प्रेम करणारी स्त्री एकत्र आली आहेत. तेंडुलकरांनी हे योजून केले असो वा नसो, विभक्तीच्या प्रत्ययापूर्वी लिंगभेद पुसला जाण्याची मराठीची ही शक्ती येथे अर्थवाही झाली आहे. मात्र नाटकाचे निवेदन बापूकडे आहे. आपण मित्राला ओळखतो ते तिच्या मित्राच्या स्मरणातून. तो सहृदय आहे, तिच्यासाठी तोशीसही सोसतो; परंतु गोष्ट सांगणारा ‘मी’ तोच आहे. तिचे दुःख रंगमंचावर आले, तिचे निवेदन आले नाही.

‘कोबाल्ट ब्ल्यू’त ही उणीव भरून निघते. पुण्यातील एका घरात पाहुणा म्हणून राहावयास आलेल्या तरुणावर त्या घरातील तनय आणि त्याची बहीण अनुजा या दोघांचेही प्रेम बसते. कादंबरीचा पूर्वार्ध तनयचा, उत्तरार्ध अनुजाचा. बंधू आणि भगिनी यांच्या निवेदनास समान मान मिळाल्यामुळे एक प्रेम नैसर्गिक आणि दुसरे चमत्कारिक असा निवाडा करण्याची सोय वाचकास उरत नाही. तनय आपल्या प्रियकरास उद्देशून बोलतो, आणि मराठीत ‘तू आलास’, ‘मी गेलो’ ही रूपे उच्चारताच बोलणारा आणि ऐकणारा दोघेही पुरुष आहेत हे उघड होते. जेरी पिंटो यांनी २०१३ मध्ये केलेल्या इंग्रजी अनुवादाच्या वाचकास ही गोष्ट इतर खुणांवरून कळून घ्यावी लागते. मराठी वाचकाला ती क्रियापदानेच सांगितलेली असते. वेगळ्या कबुलीजबाबाची गरज पडत नाही. या कादंबरीच्या शांत धीटपणाचे श्रेय लेखकाइतकेच मराठी आख्यातालाही आहे.

असे असूनही एक गोष्ट सलते. ज्याच्याभोवती सर्व कथा फिरते तो बाहेरून आलेला भाडेकरू निनावी आहे आणि त्याला स्वतःचे निवेदन नाही. तो कोठला, कशासाठी आला, त्याला काय वाटले, हे आपण घरच्या दोघांच्या तोंडून ऐकतो. ‘मी’ म्हणण्याचा अधिकार पुण्याच्या घरातील मुलांना मिळाला, खोली शोधत आलेल्याला नाही. तिन्ही कृती शेजारी ठेवल्या म्हणजे चित्र स्पष्ट होते. गावाहून आलेल्या विद्यार्थ्याचा ‘मी’ ‘कोसला’त आहे. समलिंगी प्रेमाची कथा ‘मित्राची गोष्ट’मध्ये आहे, आणि त्या प्रेमाचा ‘मी’ ‘कोबाल्ट ब्ल्यू’त आहे. गावाहून आलेला आणि असे प्रेम करणारा एकच ‘मी’ या तिहींत कोठेही बोलत नाही. आमच्याकडे प्रश्न घेऊन आलेला विद्यार्थी नेमका तोच होता.

४

हा ‘मी’ बोलू लागला तर कोणत्या रूपांनी बोलेल? येथे थोडे व्याकरण पाहणे भाग आहे.

प्रमाण मराठीत प्रथमपुरुषी एकवचनात वर्तमान आणि भूत या काळांत कर्त्याचे लिंग प्रकट होते: ‘मी जातो’ अथवा ‘मी जाते’, ‘मी गेलो’ अथवा ‘मी गेले’. जो आपल्या जन्मलिंगाशी सहमत नाही त्याला दिवसातून शंभर वेळा या दुफाट्यावर उभे राहावे लागते. इंग्रजीत हा दुफाटा नाही. म्हणून त्या भाषेत कित्येकांना मोकळे वाटते, आणि त्यांस दोष देता येणार नाही. परंतु मराठीत आडोसे नाहीत असा निष्कर्ष काढणे मात्र घाईचे होईल. ‘मी जाईन’ या भविष्यकाळात लिंग नाही. ‘मी जात असे’ या रीतिभूतकाळात नाही. ‘मी पुस्तक वाचले’ येथे क्रियापद पुस्तकाप्रमाणे चालते. ‘आम्ही गेलो’ हे स्त्रीपुरुष दोघांनाही समान आहे, आणि प्रस्तुत लेखात वापरलेले संपादकीय ‘आम्ही’ लेखकाचे लिंग किती सहज झाकते हे वाचकांच्या लक्षात आले असेल. शिवाय कोल्हापूरकडील अनेक स्त्रिया ‘मी आलो’, ‘मी जातो’ असेच म्हणतात आणि त्यामुळे त्यांच्या स्त्रीत्वास काही बाध येत नाही. तेव्हा प्रमाणभाषेतील लिंगभेद हा मराठीचा अटळ स्वभाव नसून तिच्या एका बोलीचा संकेत आहे.

आवडीच्या वाक्याची रचना तर अधिकच उद्बोधक आहे. ‘मला तो आवडतो.’ येथे क्रियापद ज्याच्यावर मन बसले त्याच्याप्रमाणे चालते. बोलणारे माणूस ‘मला’ या चतुर्थीच्या रूपात राहते आणि त्याचे लिंग कळत नाही. निलंग्याची मुलगी हे वाक्य जसे म्हणते, तसेच अक्षरशः निलंग्याचा मुलगाही म्हणू शकतो. दोघांच्या प्रेमात भेद आहे असे मराठी व्याकरणास वाटत नाही. तो भेद ऐकणारा करतो.

पारिभाषिक शब्दांची स्थिती याच्या उलट आहे. व्याकरणाच्या तासाला ‘लिंग, वचन, विभक्ती’ हे शब्द मुले निर्विकारपणे पाठ करतात. त्याच वर्गात ‘समलिंगी’ हा शब्द उच्चारला की खसखस पिकते, कारण तेव्हा ‘लिंग’ शब्दाचा अवयववाचक अर्थ पुढे होतो. ‘नपुंसकलिंग’ ही संज्ञा तर शिवीच्या शेजारी राहते. वस्तुतः मराठवाड्यातील आई ज्याला ‘लेकरू’ म्हणते ते नपुंसकलिंगीच असते, आणि त्या शब्दाइतकी माया दुसऱ्या शब्दात नाही. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी २००२ मध्ये स्थापन केलेल्या संस्थेचे ‘समपथिक’ हे नाव या दृष्टीने शोधून काढलेले आहे. त्यात अवयव मागे पडतो आणि वाट पुढे येते. अशी घडण अजून पुष्कळ व्हावयास हवी.

बोलीचा प्रश्न याहून नाजूक आहे. लातूर-नांदेडकडे ‘मी येऊलालो’, ‘तू काय करूलालास?’ ही रूपे सर्रास ऐकू येतात. ‘येऊ लागलो’ या संयुक्त क्रियापदाशी त्यांचे नाते उघड दिसते, आणि म्हणून त्यांत लिंग व्यक्त होते: पुरुष ‘येऊलालो’ म्हणतो, स्त्री ‘येऊलाले’. याउलट प्रमाण भाषेतील ‘मी येत आहे’ हे दोघांस समान आहे. म्हणजे गावाकडील विद्यार्थ्यास प्रमाण रूपात एक आडोसा मिळतो. मात्र तो घेण्यासाठी त्याला घरची बोली उंबऱ्याबाहेर ठेवावी लागते. प्रस्तुत लेखकाने तरुणपणी नगरातील एका वसतिगृहात ‘येऊलालो’वरून झालेली थट्टा ऐकली आहे. पहिल्या आठवड्यातच हे रूप जिभेवरून पुसले गेले, आणि सुटीत घरी गेल्यावर ते परत आणताना अवघडल्यासारखे झाले. एक गोष्ट लपविण्याची सवय लागली की दुसरी लपविणे सोपे जाते. ज्या वसतिगृहात विद्यार्थ्याची बोली हसण्यावारी नेली जाते, तेथे त्याच्या प्रेमास आदर मिळेल असे मानावयास आधार नाही.

५

आता नगरातील महाविद्यालये काय देऊ करतात ते पाहू. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांतील संमतीचे समलिंगी संबंध कलम ३७७ च्या कक्षेतून वगळले. तत्पूर्वी १५ एप्रिल २०१४ च्या निर्णयाने स्वतःची लिंगओळख स्वतः ठरविण्याचा अधिकार मान्य केला होता. काही संस्था न्यायालयाच्याही पुढे चालल्या होत्या. पुणे विद्यापीठाच्या इंग्रजी विभागात आर. राज राव यांनी २००७ मध्ये या विषयाच्या वाङ्मयाचा अभ्यासक्रम सुरू केला. मुंबईच्या आय.आय.टी.त २०११ मध्ये ‘साथी’ हा गट उभा राहिला. हैदराबादच्या नालसार विधी विद्यापीठाने २०२२ मध्ये वसतिगृहाचा एक भाग लिंगनिरपेक्ष म्हणून राखून ठेवला. नांदेडकरांस हैदराबाद पुण्याहून जवळ आहे, ही गोष्ट येथे सहज नमूद करावी. हे उपक्रम आदरास पात्र आहेत. परंतु त्यांची चर्चा, फलक आणि पत्रके बहुतांशी इंग्रजीत असतात, आणि ज्या संस्थांत ते चालतात तेथे प्रवेश मिळणेही मूठभरांच्या नशिबी असते. लातूरच्या मराठी शाळेतून आलेला मुलगा अशा बैठकीस गेला, तर ज्यांनी त्याला जवळ करावे त्यांच्यातही तो कोपऱ्यात बसण्याचा संभव असतो. ‘साथी’ या नावातच याचे उत्तर दडलेले आहे. राष्ट्र सेवा दलाच्या परंपरेने हा शब्द स्त्रीपुरुषांना सारखाच लावला आणि मराठवाड्याच्या गावोगावी पोहोचविला. लिंग न विचारता माणसास आपले म्हणण्याची सोय आपल्या सार्वजनिक भाषेत आधीपासून होती.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या रॅगिंगविरोधी नियमांत २०१६ मध्ये झालेली दुरुस्ती या संदर्भात मुद्दाम वाचावी. विद्यार्थ्याच्या ज्या बाबींवरून छळ करणे रॅगिंग ठरते, त्यांची यादी तीत दिली आहे. वर्ण, धर्म, जात यांच्याबरोबर पारलिंगी ओळख आणि लैंगिक कल या बाबी तीत आहेत. आणि त्याच वाक्यात प्रादेशिक मूळ, भाषिक ओळख, जन्मस्थान, वास्तव्याचे ठिकाण व आर्थिक स्थिती यांचाही उल्लेख आहे. नियमाचा मसुदा करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे कोण होते हे सांगता येणार नाही. परंतु लातूरच्या त्या विद्यार्थ्याचे इतके पूर्ण वर्णन वर पाहिलेल्या तिन्ही वाङ्मयकृतींत नाही. ‘येऊलालो’ म्हणणारा आणि मित्रावर प्रेम करणारा, दोघेही त्या एका वाक्यात आहेत, आणि ते दोघे एकच माणूस असू शकतात हे त्या वाक्याला ठाऊक आहे.

६

यावर असा आक्षेप येऊ शकेल की, छळातून सुटू पाहणाऱ्या मुलापुढे भाषेचा विचार मांडणे हा अभ्यासकाचा चोचला आहे. त्याला आधी सुरक्षित खोली मिळू द्यावी. आक्षेपात सत्यांश आहे. ज्याच्या अंगावर हात पडतो, त्याने जेथे जागा मिळेल तेथे जावे आणि हवी ती भाषा बोलावी. परंतु निवडीस ज्याला थोडा अवकाश आहे, त्याने महाविद्यालयाचे नाव आणि त्यातील गटाची कीर्ती एवढ्यावर न थांबता काही साध्या गोष्टी पाहाव्यात. रॅगिंगविरोधी नियम दर्शनी भागात मराठीतही लावले आहेत काय? तक्रार मराठीत दिली तर ती घेतली जाते काय? हजेरी घेणारे शिक्षक विद्यार्थ्याने सांगितलेले नाव उच्चारतात काय? वसतिगृहात गावाकडच्या बोलीने बोलणारी मुले मोठ्याने बोलतात की दबक्या आवाजात? शेवटची कसोटी पाहण्यास संध्याकाळी भोजनगृहात अर्धा तास बसणे पुरे आहे.

आणि जे जाऊ शकत नाहीत त्यांचे काय? घरची परिस्थिती, मुलीच्या जातीला परगावी न पाठविण्याची रूढी, अर्ध्या गुणाने हुकलेला प्रवेश, यांमुळे बहुसंख्य विद्यार्थी नांदेड-लातूरलाच राहतात. त्यांच्यासाठी ‘अमुक शहरातील महाविद्यालय निवडा’ हा सल्ला निरुपयोगी आहे. १९३८ मध्ये नागपूरने दार उघडले ही मोठी गोष्ट होती. परंतु मराठवाड्याने तेवढ्यावर समाधान मानले नाही, बारा वर्षांत नांदेडला स्वतःचे महाविद्यालय काढले. तोच धडा येथे लागू आहे. आमच्यासारख्या भाषाविभागांनी उपरोक्त नियमांचा सुबोध मराठी अनुवाद सिद्ध करावा, या विषयाची परिभाषा मुलांच्या बोलण्यातून वेचून तिची सूची करावी, आणि वर्गात ‘मित्राची गोष्ट’ व ‘कोबाल्ट ब्ल्यू’ ‘कोसला’इतक्याच सहजतेने शिकवावीत, अशी सूचना आम्ही करतो. यासाठी अनुदानाची वाट पाहावी लागत नाही.

त्या विद्यार्थ्यास आता उत्तर द्यावयाचे तर आम्ही असे सांगू: इंग्रजी अवश्य शिक, ती कामास येईल. पण ‘मला तो आवडतो’ एवढे सांगण्यासाठी ती लागत नाही. ते वाक्य मराठीत पूर्ण आहे आणि निर्दोष आहे. ते ज्या महाविद्यालयात ऐकून घेतले जाईल तेथे जा. आणि ते आमच्याच महाविद्यालयात ऐकून घेतले जावे, याची जबाबदारी आमची.